अल्प पाण्यावर जगणारी झाडे : रसाळ वनस्पतींची ओळख, लागवड आणि निगा

जुन्नरच्या शिवनेरी डोंगराच्या कड्यात प्राचीन बौद्ध लेणी कोरलेली आहेत. भिक्खूसंघाच्या निवासासाठी उपासक-उपासिकांनी ती दान दिली. लेण्यांच्या शेजारी खडकातच कोरलेली पाण्याची टाकी आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ असा शब्द येतो आणि लेणे दान देणाऱ्यांप्रमाणेच पोढी दान देणाऱ्यांचीही नावे तेथे आदराने कोरलेली आढळतात. चार महिन्यांचा पाऊस खडकाच्या पोटात साठवावा आणि उरलेले आठ महिने तो जपून वापरावा, ही त्यामागची योजना होती.

त्याच जुन्नर परिसरातील कड्यांच्या कपारीत एक लहानशी वनस्पती वाढते. तिचे मराठी नाव शिंदळ माकुडी. फ्रेरिया इंडिका या शास्त्रीय नावाने ती प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः कोठेही आढळत नाही आणि महाराष्ट्रातही जुन्नर, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्याच ठिकाणच्या कड्यांवरून तिची नोंद आहे. पावसाळ्यात तिच्या मांसल खोडाला पाने येतात. पावसाळा सरता सरता पिवळ्या ठिपक्यांची गडद तांबडी फुले येतात. आणि कोरडा ऋतू लागला की पाने गाळून ती केवळ हिरव्या खोडातील साठ्यावर उन्हाळा काढते. लेण्यातील पोढी आणि कड्यावरची माकुडी यांचे शास्त्र एकच आहे. पाणी मिळेल तेव्हा साठवावे आणि साठवलेले मात्रेने खर्चावे.

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज शहरांतील लहान घरांत राहतात. अनेक पालक अशा गावांत राहतात, जेथे फाल्गुनानंतर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला जातो : झाडे लावावीत असे वाटते, पण जागा आणि पाणी कोठून आणावे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ज्या पाण्यासाठी संघर्ष केला, त्या पाण्याचे मोल आपल्या समाजाला निराळे सांगावे लागत नाही. पिण्याच्या पाण्यात वाटा न मागता हिरवाई कशी राखता येईल, हे रसाळ वनस्पती आपल्याला शिकवतात. प्रस्तुत लेखात त्यांची ओळख, लागवड आणि निगा यांचा क्रमाने विचार केला आहे.

रसाळ वनस्पती म्हणजे काय

ज्या वनस्पती आपल्या पानांत, खोडात किंवा मुळांत पाणी साठवून कोरडा काळ निभावून नेतात, त्यांना रसाळ किंवा मांसल वनस्पती म्हणतात. रोपवाटिकेत त्या ‘सक्युलंट’ या नावाने मिळतात. कोरफड, पानफुटी, घायपात, जेड, एचेवेरिया आणि हॅवर्थिया पानांत पाणी साठवतात. निवडुंग आणि शेर यांचा साठा खोडात असतो. अडेनियमचे बुड फुगीर असते, कारण तेच त्याचे कोठार असते.

यांतील पुष्कळ वनस्पती आपल्याला लहानपणापासून परिचित आहेत. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी आणि भाजीसाठी खुडली जाणारी घोळ ही रसाळ वनस्पतीच होय. सकाळी उशिरा फुलणारा आणि संध्याकाळी मिटणारा चिनी गुलाब हा घोळीचाच सोयरा. माळरानावरची माकडशिंगी गुराखी मुलांनी कधी ना कधी चाखलेली असते.

येथे शब्दांचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन भिन्न कुळांसाठी वापरला जातो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस. कॅक्टस कुळ मूळचे अमेरिका खंडातील असून फड्या निवडुंगही तेथूनच आपल्याकडे आला आहे. त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया कुळातील आहे. तो कॅक्टस नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे. कॅक्टसचे काटे लवदार, उशीसारख्या छोट्या ठिपक्यांतून झुपक्याने निघतात आणि युफोर्बियाला जखम होताच पांढरा चीक येतो. हा भेद केवळ अभ्यासाचा नाही. तो चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, म्हणून हाताळणाऱ्याला तो ठाऊक असावाच.

रात्री उघडणारी दारे

सामान्य झाड दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडते, हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. परंतु रंध्र उघडे असले की आतील पाण्याची वाफही बाहेर जाते. दुपारच्या उन्हात हा व्यवहार फार महाग पडतो.

रसाळ वनस्पतींपैकी बहुसंख्य वनस्पतींनी यावर विलक्षण उपाय शोधला आहे. त्या दिवसा रंध्रे मिटून घेतात आणि रात्री, हवा थंड झाल्यावर, उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठवला जातो. दिवस उजाडला की रंध्रे बंद होतात आणि साठवलेल्या आम्लातून तोच वायू मोकळा करून सूर्यप्रकाशात अन्न तयार होते. या प्रक्रियेला क्रॅस्युलेशियन ॲसिड मेटाबोलिझम असे म्हणतात. पानफुटी ज्या क्रॅस्युलेसी कुळातील आहे, त्यावरून हे नाव पडले.

या शोधाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात पानफुटीचे पान चाखून पाहिले. सकाळी ते आंबट लागे. दिवस चढत जाई तसा आंबटपणा नाहीसा होई. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या विद्यार्थ्यांनी पान चाखू नये, कारण पानफुटीत विषारी द्रव्येही असतात. मात्र पहाटे आणि सायंकाळी एकेक पान कुटून त्याच्या रसात वैश्विक दर्शकाची पट्टी बुडवली, तर आम्लतेतील फरक डोळ्यांनी पाहता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेत सहज होण्यासारखा हा प्रयोग आहे.

या व्यवस्थेची किंमतही असते. रात्री जेवढे साठवता येते तेवढ्यावरच दुसऱ्या दिवसाचे काम चालते, म्हणून या वनस्पती सावकाश वाढतात. त्यांना घाई करून चालत नाही आणि त्यांच्या पालकालाही घाई करून चालत नाही.

माती आणि कुंडी

मराठवाड्यातील आणि विदर्भातील काळी माती कापसाला आणि ज्वारीला वरदान आहे, पण कुंडीतील रसाळ वनस्पतीला ती घातक ठरते. ती भिजली की फुगते, पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी होऊन भेगाळते. या झाडांच्या मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते, आणि चिकट मातीत हवेला वाव राहत नाही.

म्हणून मिश्रण भुसभुशीत असावे. एक भाग बागेतील साधी माती, एक भाग जाड वाळू किंवा बांधकामावर मिळणारा खडीचा कच आणि एक भाग मुरूम किंवा विटांचा चुरा घ्यावा. तिन्ही चाळून त्यांतील बारीक धूळ काढून टाकावी, कारण तीच पुढे खाली बसून पाण्याची वाट अडवते. त्यात मूठभर पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. समुद्रकाठची वाळू क्षारयुक्त असल्याने वापरू नये. मिश्रण योग्य झाले आहे की नाही, हे पाहण्यासाठी ते ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडताच ढेकूळ सुटून पडले, तर मिश्रण साधले असे समजावे.

कुंडी मातीची असल्यास उत्तम, कारण तिच्या भिंतीतूनही ओलावा उडून जातो. पण कुंडी विकत घेण्याची ऐपत नसल्यास काहीही अडत नाही. तेलाचा डबा, फुटका माठ किंवा जुने पातेले चालते. अट एकच : तळाला भोक हवे. भोकावर एक खापरी ठेवावी, म्हणजे माती वाहून जाणार नाही. तळाशी खड्यांचा जाड थर देण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु तिने निचरा सुधारत नाही. उलट मुळांना मिळणारी जागा कमी होते. कुंडी झाडापेक्षा थोडीच मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीतील जास्तीची माती जास्तीचे पाणी धरते आणि ते शोषायला तेथे मुळे नसतात.

पाणी : मात्रेचा विचार

विद्यालयात असतानाची एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. माझ्या वर्गमित्राचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. एका वर्षी निघताना आईने घरच्या परसातील कोरफडीचे एक रोप डब्यात लावून त्याच्या हाती दिले आणि ‘हिला जप’ एवढेच सांगितले. त्याने ते खिडकीत ठेवले. सकाळच्या वंदनेनंतर आणि सायंकाळच्या वंदनेनंतर तो न चुकता त्याला तांब्याभर पाणी घालत असे. आम्ही खेळायला गेलो तरी तो आधी पाणी घाली, मग येई. महिन्याभरात पाने पिवळी पडली. रोप तहानले आहे असे समजून त्याने पाणी वाढवले. जानेवारीत एके दिवशी पान धरताच सगळे रोप बुडापासून सुटून हातात आले. तो दिवसभर कोणाशी बोलला नाही.

आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी त्याला रागावले नाही. त्यांनी डबा उपडा करून आम्हांला माती दाखवली. तिला कुबट वास येत होता. मुळे काळी पडून चिखल झाली होती. डब्याला भोकच नव्हते. गुरुजींनी त्या चिखलातून बोटाएवढे एक टणक पिल्लू शोधून काढले, ते सावलीत चार दिवस सुकवले आणि भोक पाडलेल्या डब्यात कोरड्या मुरमाड मातीत लावायला सांगितले. मग म्हणाले, “आता आठ दिवस याला पाणी न घालणे हेच तुझे काम.” ते आठ दिवस त्याला फार जड गेले. उन्हाळ्यात आई परतली तेव्हा त्या पिल्लाला तीन नवी पाने आलेली होती.

माझ्या अनुभवात, घरात लावलेली रसाळ झाडे तहानेने क्वचितच मरतात. ती बहुधा जास्त पाण्याने मरतात, आणि ते पाणी बहुतेक वेळा प्रेमानेच घातलेले असते. भगवान बुद्धांच्या शिकवणीत आहाराच्या संदर्भात ‘मत्तञ्ञुता’ म्हणजे मात्रा जाणणे, हा गुण वारंवार येतो. देणाऱ्याची इच्छा आणि घेणाऱ्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओळखल्याखेरीज मात्रा कळत नाही.

व्यवहारात हा नियम पुढीलप्रमाणे पाळावा. पाणी घालताना भोकातून बाहेर येईपर्यंत पोटभर घालावे. त्यानंतर कुंडीतील माती तळापर्यंत कोरडी होईपर्यंत पुन्हा घालू नये. रोज घोटभर पाणी शिंपडण्याची सवय सर्वांत वाईट. तळ कोरडा झाला की नाही, हे तपासण्यासाठी बांबूची काडी खोलवर खुपसून पाच मिनिटांनी काढावी. तिला ओली माती चिकटली तर थांबावे. काही दिवसांत कुंडी उचलूनच वजनावरून अंदाज येऊ लागतो.

ऋतूप्रमाणे साधारण मान असे राहील. हिवाळ्यात एचेवेरिया, हॅवर्थिया, जेड यांना दहा ते पंधरा दिवसांनी पाणी द्यावे. हा त्यांच्या वाढीचा सुखाचा काळ असतो. कॅक्टस आणि अडेनियम या काळात विश्रांती घेतात, त्यांना तीन-चार आठवड्यांतून एकदा थोडे पाणी पुरते. उन्हाळ्यात बाहेरच्या कुंड्या लवकर वाळतात, तेथे साधारण आठवड्याने सायंकाळी पाणी द्यावे. कडक उन्हात हॅवर्थियासारखी झाडे वाढ थांबवतात, त्यांना अधिक पाण्याचा आग्रह करू नये. पावसाळा हा मोठ्या कसोटीचा काळ. सतत भिजणाऱ्या कुंड्या वळचणीच्या आत घ्याव्यात आणि माती वाळेपर्यंत आठवडेच्या आठवडे पाण्याला हात लावू नये. हे दिवस ठोकळमानाने सांगितले आहेत. अंतिम निर्णय काडीचा.

हिशेब मांडून पाहू. लहान कुंडीला एका वेळी १५० मिलिलिटर पाणी लागते असे धरले, तर वीस कुंड्यांना ३ लिटर पाणी लागेल. दहा दिवसांतून एकदा हे पाणी दिले, तर रोजचा खर्च ३०० मिलिलिटर, म्हणजे साधारण दीड पेला. भाज्या किंवा तांदूळ धुतलेले पाणी गाळून वापरले, तर तेवढाही भार हंड्यावर पडत नाही. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र वर्ज्य.

घरातील जागा आणि प्रकाश

घरात ही झाडे लावताना पाण्याच्या खालोखाल चूक होते ती प्रकाशाची. आपल्याला जी खोली उजळ वाटते, ती झाडाच्या दृष्टीने अंधारी असू शकते. पूर्वेकडील खिडकी उत्तम, कारण तेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते. दक्षिणेकडील खिडकीत हिवाळ्यात ऊन आतवर येते, तीही चांगली. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाळ्याच्या दुपारी पातळ पडदा लावावा.

प्रकाश कमी पडला की झाड खिडकीच्या दिशेने लांबत जाते, पानांतील अंतर वाढते आणि रंग फिका होतो. याला पुष्कळजण वाढ समजतात. वस्तुतः तो प्रकाशाचा शोध असतो. कमी उजेडाच्या खोलीत स्नेक प्लँट, हॅवर्थिया किंवा झीझी प्लँट तग धरतात. एचेवेरिया आणि कॅक्टस तेथे ठेवू नयेत. आतले झाड बाहेर नेताना एकदम भर उन्हात नेऊ नये, पाने भाजून त्यांवर कायमचे डाग पडतात. प्रथम सावलीत, मग सकाळच्या उन्हात, असे दहा-पंधरा दिवसांत त्याला सरावू द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून द्यावे, नाहीतर मुळे कुजतात आणि डासही वाढतात.

अंगण आणि शाळेचे आवार

उघड्या जागेत लागवड करताना सपाट वाफा करू नये. दगड-मुरूम टाकून हातभर उंच, किंचित उताराचा ओटा करावा, म्हणजे पावसाचे पाणी वाहून जाते. ओट्यावर कोरफड, घायपात, त्रिधारी निवडुंग, अडेनियम आणि कडेने चिनी गुलाब लावल्यास वर्षभर काही ना काही हिरवे राहते. मुळे रुजेपर्यंतचे पहिले काही महिने थोडे पाणी द्यावे. पुढे पावसावर त्यांचे भागते. दगडांनी झाकलेली माती लवकर तापत नाही आणि तणही कमी येते.

कुंपणाला घायपात योग्य. काही भागांत तिला केकताड म्हणतात. तिच्या पानांतील धाग्यांपासून दोर वळून कित्येक कष्टकरी कुटुंबांनी पोट भरले आहे, हे आपण विसरू नये. घायपात अनेक वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच उंच दांड्यावर फुलते आणि मग मरते, परंतु बुडाशी पिल्ले ठेवून जाते. मुलांच्या वाटेजवळ ती लावू नये. लावलीच तर पानांच्या टोकांचे काटे छाटून टाकावेत.

फड्या निवडुंगाविषयी एक सूचना. त्याचा पडलेला प्रत्येक तुकडा रुजतो. म्हणून छाटलेले तुकडे माळावर किंवा ओढ्यात फेकू नयेत. परकी झाडे माळावर माजली, तर माकडशिंगीसारख्या आपल्या मूळच्या झाडांची जागा जाते.

पाच प्रकारची बीजे

एका झाडाची दहा झाडे कशी करावीत, हे सांगताना पाली साहित्याची आठवण होते. विनयपिटकात भिक्खूंना झाडे तोडण्यास मनाई आहे. तेथे वनस्पतींची वाढ कशापासून होते, त्यानुसार पाच प्रकार सांगितले आहेत : मूळबीज, खंधबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. म्हणजे मुळापासून, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बियांपासून वाढणाऱ्या वनस्पती. हळद पहिल्या प्रकारची, वड-पिंपळ दुसऱ्या, ऊस-बांबू तिसऱ्या आणि धान्ये पाचव्या प्रकारची. एवढ्या प्राचीन काळी केलेले हे वर्गीकरण आजही माळ्याच्या उपयोगी पडते.

कोरफड, हॅवर्थिया, घायपात यांच्या बुडाशी येणारी पिल्ले मुळांसह अलग करावीत. शेर आणि त्रिधारी निवडुंग यांचे खोड छाटून लावता येते. फड्या निवडुंगाचा सांध्यापाशी सुटलेला फडा लावला की रुजतो. जेडचा आणि लांबलेल्या एचेवेरियाचा शेंडा कापून नवे झाड करता येते. अडेनियम बियांपासून केल्यास त्याचे बुड सुंदर फुगते. पानफुटी मात्र या पाचांत सहज बसत नाही. तिच्या पानाच्या कडेवरील खाचांतूनच नवी रोपे फुटतात, आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे.

सर्व छाटांना एक नियम लागू आहे. कापलेला भाग सावलीत सुकवून त्यावर कोरडी खपली धरू द्यावी. लहान तुकड्याला तीन-चार दिवस, जाड खोडाला आठ-दहा दिवस लागतात. त्यानंतर तो कोरड्या मिश्रणात लावावा आणि आठवड्याने पहिले पाणी द्यावे. ओली जखम ओल्या मातीत गेली की कुजते.

दुखणी आणि दक्षता

पाने मऊ, पिवळी आणि पाणीदार झाली तर पाणी जास्त झाले आहे. पाने पातळ आणि सुरकुतलेली असून माती कोरडी असेल तर झाड तहानले आहे. पण सुरकुत्या दिसत असूनही माती ओली असेल, तर मुळे कुजली आहेत आणि पाणी असूनही झाडाला ते पिता येत नाही, असे समजावे. येथेच बहुतेकजण फसतात आणि आणखी पाणी घालतात. अशा वेळी झाड उपटून कुजका भाग स्वच्छ सुरीने निरोगी गाभा दिसेपर्यंत कापावा, उरलेला भाग सुकवून पुन्हा लावावा.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढावा आणि ते झाड काही दिवस वेगळे ठेवावे. प्रादुर्भाव अधिक असल्यास निंबोळी तेलाचे सौम्य द्रावण सायंकाळी फवारावे.

शेर, त्रिधारी निवडुंग आणि अडेनियम यांचा रस किंवा चीक विषारी आहे. ती झाडे लहान मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत. छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत.

समज आणि वस्तुस्थिती

जेडमुळे घरात पैसा येतो, काटेरी झाडामुळे कलह होतो, अशी समजूत विक्रेतेही पसरवतात. तिला कोणताही आधार नाही. ‘स्नेक प्लँट रात्री प्राणवायू देते’ हेही असेच एक विधान. वर पाहिल्याप्रमाणे ही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेते हे खरे, परंतु प्राणवायू तयार होण्यासाठी प्रकाश लागतो, म्हणून तो दिवसाच मोकळा होतो. घरातील हवा शुद्ध होण्याविषयीचा जो प्रयोग नेहमी सांगितला जातो, तो १९८९ साली नासाने लहान बंद पेट्यांत केलेला होता. दारे-खिडक्या असलेल्या घरात काही कुंड्यांनी तसा परिणाम होत नाही. कोणतीही गोष्ट केवळ ऐकिवावर न मानता तपासून पाहावी, ही आपली परंपरा आहे, आणि कुंडी हे तिचे सोपे विद्यापीठ आहे.

दुर्मिळ झाडांच्या हौसेविषयी एक विनंती. शिंदळ माकुडी, कंदीलपुष्प यांसारख्या वनस्पती रानातून उपटून आणू नयेत आणि कोणी उपटून आणलेल्या विकतही घेऊ नयेत. त्यांचे घर तो कडाच आहे. त्यांच्या सोबत राहण्याची आपल्याला इच्छा असेल, तर आपण कड्यापाशी जावे, त्या पाहाव्यात आणि परत यावे.

समारोप

ज्या मित्राची गोष्ट वर सांगितली, त्याच्या त्या पिल्लाला पुढे पिल्ले झाली. शाळा सोडताना त्याने आम्हां प्रत्येकाला एकेक दिले. माझ्याकडचे रोप तीन घरे बदलून आज पूर्वेच्या खिडकीत आहे, आणि त्याची पिल्ले मी माझ्या विद्यार्थ्यांना देत असतो. देताना डब्याला भोक आहे की नाही, एवढे तपासून पाहतो.

माजी विद्यार्थ्यांनी पुढील वेळी विद्यालयात येताना आपल्या घरच्या झाडाचे एखादे पिल्लू किंवा छाट कागदात गुंडाळून आणावा. तो आठ दिवस बिनपाण्याचा प्रवास सहन करतो. दगड-मुरमाचा एक ओटा आवारात बांधला, तर त्यावर निरनिराळ्या गावांची झाडे एकत्र वाढतील आणि वसतिगृहातील मुलांच्या हंड्यातील घोटभर पाणीही त्यांना मागावे लागणार नाही. नव्याने दाखल झालेल्या एखाद्या मुलाला त्यातले एक रोप सांभाळायला द्यावे. त्याला पाणी केव्हा घालावे हे सांगावे, आणि केव्हा घालू नये हे त्याहून सावकाश समजावून सांगावे.